हिरवा रंग, सोमल आणि आमचं नवीन कपाट

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही घरात फर्निचर करून घेतलं. 'आम्ही' म्हणजे मी आणि बायको, आणि 'करून घेतलं' म्हणजे दीड महिना दर शनिवार-रविवार आधी प्लायच्या, मग लॅमिनेटच्या आणि मग हँडलांच्या दुकानात काढला. (हो, फक्त हँडलांचं वेगळं दुकान असतं. मलाही माहीत नव्हतं.) बेडरूममध्ये भिंतभर कपाट, हॉलमध्ये टीव्हीच्या मागे पॅनल, आणि पलंगामागची एक भिंत गडद हिरवी. तीन भिंती पांढऱ्या आणि एक गडद, अशी हल्ली पद्धत आहे. हिरव्याची कल्पना माझी, त्यामुळे तिचा अभिमानही मलाच.

सगळं झालं, सुतार गेले आणि वास मागे राहिला. कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे. दिवाळीला आई-बाबा सांगलीहून आले. आई त्या खोलीत दोन रात्री झोपली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घर छान झालंय रे, पण मी आपली हॉलमध्येच झोपते." मग मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, नवीन कामाचा वास असतो तो. जाईल महिन्याभरात. पंधरा वर्षं काम करतोय, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. 'आजपर्यंत कुणाची तक्रार नाही' हे वाक्य मी स्वतः क्लायंटला इतक्या वेळा ऐकवलंय की दुसऱ्याने मला ऐकवल्यावर बोलायला तोंडच नव्हतं. पण वाक्य डोक्यात अडकून बसलं. त्याच सुमारास हिरव्या रंगाबद्दल काहीबाही वाचत होतो, आणि लक्षात आलं की हे वाक्य फार जुनं आहे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या घरमालकांनाही हेच ऐकवलं जात होतं, आणि तेही हिरव्या भिंतींबद्दलच! फक्त तिथे प्रकरण डोळे चुरचुरण्यावर थांबलं नाही.

तर गोष्ट अशी. निसर्गात हिरवा रंग पैशाला पासरी, पण भिंतीवर किंवा कापडावर टिकणारा हिरवा बनवणं हे जुन्या रंगाऱ्यांना फार अवघड जायचं. झाडपाल्याचा हिरवा उन्हाने उडायचा. तांब्याचा जंगाल वापरला तर काळपट व्हायचा. निळ्यात पिवळा मिसळला तर दोघांतला एक आधी विटायचा. १७७५ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलेने तांबं आणि आर्सेनिक एकत्र आणून एक स्वस्त, तजेलदार हिरवा बनवला. हा शीले म्हणजे ज्याने प्रीस्टलीच्या आधी ऑक्सिजन शोधला पण छापायला उशीर केला, तोच. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये याच घटकांत शिरक्याचं आम्ल घालून आणखी झगझगीत रंग निघाला. त्याला नावं पडली एमराल्ड ग्रीन, श्वाइनफुर्ट ग्रीन, पॅरिस ग्रीन. एकच माल, ब्रँड वेगवेगळे.

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. आपल्याकडेही हे कुणाला नवीन नव्हतं. हरताळ हे आर्सेनिकचंच पिवळं खनिज. जुन्या पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत, म्हणूनच आपण आजही एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासला' असं म्हणतो. म्हणजे रंगात विष घालण्याची कल्पना जुनीच. फरक एवढाच की पोथीवर चिमूटभर लागायचा आणि तिकडे तो खोलीच्या चारही भिंतींवर चढला.

तो तसा का चढला, हे बघायला अर्थशास्त्र बघावं लागतं. इंग्लंडमध्ये छापील वॉलपेपरवर १७१२ पासून कर होता, तो १८३६ मध्ये उठला. १८३९ मध्ये लँकेशायरच्या डार्वेन गावातल्या पॉटर कंपनीने वाफेवर चालणारं वॉलपेपर छापायचं यंत्र आणलं. १८३४ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण दहा लाख गुंडाळ्या निघायच्या, त्या १८६० पर्यंत नव्वद लाखांच्या आसपास गेल्या. जो कागद पूर्वी फक्त जमीनदारांच्या वाड्यात दिसायचा, तो कारकून, दुकानदार, शिक्षक यांच्या दोन-तीन खोल्यांत आला. म्हणजे आपल्यासारखीच मंडळी : नोकरी शहरात, पगार बरा, घर नवीन आणि पाहुण्यांनी 'वा!' म्हणावं एवढी माफक इच्छा. बाहेर कोळशाचा धूर, घरात गॅसच्या दिव्याचा पिवळट उजेड. त्यात हा हिरवा खुलून दिसायचा. पानं, वेली, फुलं... जणू शहरातल्या माणसाने विकत आणलेली बागच.

आता कुणालाही पडेल तो प्रश्न. आर्सेनिक विष आहे हे त्यांना माहीत नव्हतं का?

चांगलंच माहीत होतं! उंदीर मारायला सोमल घरोघरी आणत, आणि नको असलेले नातेवाईक मारायलाही तो वापरला जाई. त्यामुळे १८५१ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा केला. सोमल विकताना दुकानदाराने वहीत गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, सही घ्यायची, आणि माल दहा पौंडांपेक्षा कमी असेल तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळून तो रंगीत करायचा, म्हणजे कुणी साखर समजून चहात टाकणार नाही. छान कायदा. पण हाच सोमल रंगात घालून, कागदावर छापून, अख्ख्या घराला चिकटवला तर ना वही ना सही. आमच्या भाषेत सांगायचं तर पुढच्या दाराला कडक पासवर्ड आणि मागचं दार सताड उघडं.

पटकन हसू नये मात्र. त्या काळचा युक्तिवाद ऐकायला बरोबरच वाटतो. विष पोटात गेलं तर मारतं, भिंतीवरचं कसं मारेल? भिंत कोण चाटतंय? शिवाय डॉक्टरच तापावर आणि त्वचारोगावर आर्सेनिकचं औषध देत होते. म्हणजे थोडं आर्सेनिक उलट चांगलंच, असाही समज होता.

आणि धोक्याची घंटा वाजली नव्हती असं नाही. १८३९ मध्ये लिओपोल्ड ग्मेलिन या नावाजलेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रातून इशारा दिला होता. हिरव्या कागदाच्या ओलसर खोल्यांत उंदरांसारखा वास येतो आणि तिथे राहणं बरं नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बग रिपोर्ट आला होता. पण बग कसा, तर कधी येणारा, कधी न येणारा. एका घरात सगळे आजारी, शेजारच्या तशाच घरात सगळे ठणठणीत. त्याच घरात आई खंगलेली आणि बाप टुणटुणीत, कारण बाप दिवसभर कचेरीत. लक्षणंही कसली? डोकेदुखी, डोळे लाल, घशाला कोरड, पोट बिघडणं, अंगावर चट्टे, थकवा. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या पन्नास कारणांनी होतं. डॉक्टर हवापालट सुचवायचे. रोगी समुद्रकिनारी जायचा, पंधरा दिवसांत टवटवीत व्हायचा, घरी यायचा आणि पुन्हा पडायचा. निष्कर्ष काय निघायचा? समुद्राची हवा फार औषधी! घर सोडल्यामुळे बरं वाटलं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातही यायचं नाही. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की चालतो म्हणून रीस्टार्ट करत राहायचं आणि मेमरी कुठे गळतेय ते बघायचंच नाही, तशातला प्रकार. (हे मी केलेलं आहे. दोन वर्षं.)

१८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस या गरीब वस्तीत टर्नर नावाच्या कुटुंबातली चार मुलं एकामागून एक गेली. आधी घटसर्प म्हणून निदान झालं होतं. पण घटसर्प आजूबाजूला कुठेच पसरेना. थॉमस ऑर्टन नावाच्या डॉक्टरने घर तपासलं. पाणी ठीक, गटार ठीक, स्वच्छता ठीक. नजरेत भरण्यासारखं एकच होतं, मुलांच्या खोलीतला हिरवा कागद. हेन्री लेथेबी या रसायनतज्ज्ञाने चौकशीत आर्सेनिकचा पुरावा मांडला. तरीही पंचांनी निकाल दिला : नैसर्गिक मृत्यू.

हा निकाल मी तीनदा वाचला. पंच दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी तसाच कागद असणार. हा कागद मारतो हे मान्य करायचं तर संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या भिंतीकडे कसं बघायचं?

कागद विकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. त्यांचं उत्तर ठरलेलं. देशात एवढ्या लाखो घरांत हा कागद आहे, विषारी असता तर अर्धा देश मेला नसता का? आणि इथे एक नाव येतं, ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. विल्यम मॉरिस. कला-कारागिरीच्या चळवळीचा आद्य पुरुष. कारखान्याच्या बेगडी मालाविरुद्ध आयुष्यभर बोलणारा, पुढे कट्टर समाजवादी झालेला. त्याची वेलबुट्टीची डिझाइन्स आजही उशांच्या अभ्र्यांवर आणि मोबाइलच्या कव्हरवर दिसतात. २००३ मध्ये अँड्र्यू मेहार्ग या शास्त्रज्ञाने मॉरिसच्या सुरुवातीच्या 'ट्रेलिस' या कागदाचा तुकडा तपासला, तर हिरव्यात आर्सेनिक निघालं.

तेवढंच असतं तर 'त्या काळी सगळेच वापरायचे' म्हणून सोडून देता आलं असतं. पण मॉरिसच्या घरचा पैसा आला होता डेव्हन ग्रेट कन्सोल्स या खाणीतून. वडिलांनी तिचे बरेच शेअर घेतले होते. ती आधी तांब्याची खाण होती. तांबं संपत आल्यावर तिथे आर्सेनिक काढायला लागले आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत तिची गणना झाली. तिथले कामगार भट्टीच्या धुराड्यात साठलेला सोमल खरवडून काढत. संरक्षण काय, तर नाकात कापसाचे बोळे आणि अंगाला मातीचा लेप. मॉरिस १८७१ ते १८७५ या खाणीचा संचालक होता. १८८५ मध्ये, आर्सेनिकविरुद्ध बरीच ओरड होऊन गेल्यावरही, त्याने आपल्या रंगारी मित्राला, थॉमस वॉर्डलला, पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की आर्सेनिकची ही भीती म्हणजे निव्वळ वेडेपणा, डॉक्टरांना रोग कळत नाही म्हणून ते कागदावर ढकलतात, खरं तर त्यांनी संडासाला दोष द्यायला हवा.

मला मॉरिस आवडतो, म्हणून हे जास्त लागलं. हा काही नफेखोर शेठ नव्हता. कामगाराच्या हातातला आनंद यावर त्याने पानंच्या पानं लिहिली. पण ज्या कामगाराला तो स्वतः भेटत होता, त्याच्याबद्दल. धुराड्यातला कामगार त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. आपण लिहिलेला कोड जिथे चालतो तिथे आपणही कुठे जातो?

जे हा रंग हाताळत होते त्यांना शंका घेण्याची चैन परवडत नव्हती. नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनमध्ये माटिल्डा शॉइरर नावाची १९ वर्षांची मुलगी मेली. तिचं काम म्हणजे बायकांच्या टोप्यांवर लावायच्या कृत्रिम फुलांच्या पानांवर हिरवी पूड भुरभुरवणं. शेवटी तिच्या डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा हिरवा झाला होता. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. फेब्रुवारी १८६२ मध्ये 'पंच' साप्ताहिकाने हिरव्या पोशाखातल्या सांगाड्यांचा नाच दाखवणारं व्यंगचित्र छापलं. पण गदारोळाचा रोख बराचसा 'अशा पोशाखातल्या बाईबरोबर नाचणं कितपत सुरक्षित' याकडे होता.

अमेरिकेत मिशिगनच्या रॉबर्ट केडझी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने लेख-भाषणं सोडून भलताच मार्ग काढला. १८७४ मध्ये त्याने आर्सेनिक असलेल्या खऱ्या वॉलपेपरचे ८६ नमुने कापून त्यांचं पुस्तकच बांधलं. नाव, 'शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ'. शंभर प्रती राज्यातल्या वाचनालयांना पाठवल्या, सोबत सूचना की मुलांच्या हाती देऊ नका. लोकांना पान उलटल्यावर कळावं की हा तर आपल्याच हॉलमधला कागद! कल्पना अफाट, फक्त पुस्तक स्वतःच विषारी. बहुतेक वाचनालयांनी प्रती नष्ट केल्या आणि आता मोजक्याच उरल्या आहेत. त्या नमुन्यांमधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते सगळे हिरवे नव्हते. राखाडी, गुलाबी, निळे यांतही आर्सेनिक होतं. 'हिरवा टाळला की झालं' असं समजून दुसरा रंग लावणारे पुन्हा तिथेच.

मग हे थांबलं कसं? काही जर्मन राज्यांनी बंदी लवकर आणली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९०० मध्ये वॉलपेपरमधल्या आर्सेनिकवर मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये वॉलपेपरसाठी असा कायदा कधी झालाच नाही. तिथे गिऱ्हाईक दुकानात विचारायला लागलं : "यात आर्सेनिक आहे का?" मग कारखानदार 'आर्सेनिकमुक्त' असा शिक्का मारून कागद विकू लागले आणि तोच त्यांच्या जाहिरातीचा मुद्दा झाला. पॅरिस ग्रीन भिंतीवरून उतरला आणि डब्यात भरून बटाट्यावरची कीड मारायला विकला जाऊ लागला. त्याची खरी जागा तीच होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भिंत नेमकी मारत कशी होती, यावर अजून वाद आहे. १८९० च्या दशकात गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलं की ओलसर कागदावरची बुरशी आर्सेनिकपासून लसणाच्या वासाचा वायू बनवते. तो वायू कोणता, हे १९३० च्या दशकात लीड्सच्या चॅलेंजरने ओळखलं. बरीच वर्षं सगळा दोष या वायूवर होता. पण २००५ मध्ये कलेन आणि बेंटली यांनी मांडलं की तो वायू वाटतो तेवढा विषारी नाही. मग कागदावरून झडणारी रंगाची पूडच मुख्य गुन्हेगार असावी. नेपोलियनचंही तसंच. सेंट हेलेनावरच्या त्याच्या घरातल्या कागदात आर्सेनिक सापडलं आणि हिरव्या भिंतीनेच त्याला मारलं अशी कथा पसरली. २००८ मध्ये इटलीत त्याच्या लहानपणापासूनचे केस तपासले, तर सगळ्यांत आर्सेनिक जवळपास सारखंच. त्याच्या काळातल्या इतरांच्या केसांतही तसंच. म्हणजे तो भिंतीमुळे मेला नाही. पण त्या काळी आर्सेनिक सगळ्यांच्याच अंगात भिनलेलं होतं, हे मला जास्त भीतीदायक वाटलं.

आता आपण हसून म्हणू शकतो, कसले लोक होते! तर पुढचं ऐका. रंगातलं शिसं घातक आहे म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पांढऱ्या शिशाच्या रंगावर करार केला तो १९२१ मध्ये. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे माझ्या पिढीचं सगळं बालपण त्याआधीच्या तैलरंगाच्या खिडक्यांना नाक लावून गेलं.

आणि आमचं कपाट? प्लायची पातळ पानं एकमेकांना चिकटवायला जो डिंक वापरतात त्यात बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड असतं, आणि ते हळूहळू हवेत सुटत राहतं. गरम आणि दमट हवेत जास्तच, म्हणजे आपल्या हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग करणारं म्हणून ठरवलंय. कमी सुटणारा प्लाय मिळतो, त्याच्यावर ई-झिरो, ई-वन असं लिहिलेलं असतं. मी बिल काढून बघितलं. त्यावर जाडी, नग आणि 'वॉटरप्रूफ' एवढंच. चूक दुकानदाराची म्हणावी तर आम्हीच दुकानात तासभर विचारत होतो, "पाण्याने फुगणार नाही ना? वाळवी लागणार नाही ना?" कपाट आपल्याला काय करेल, हे एकदाही विचारलं नाही. कपाटाला काय होईल याचीच सगळी काळजी.

मग जमेल ते केलं. आतले उघडे प्लाय आणि कडा लॅमिनेटने झाकून घेतल्या, दारं दिवसा उघडी ठेवली, खिडकीची जाळी बदलून हवा खेळती केली. वास कमी झाला. की नाक सरावलं? आई मे महिन्यात परत येणार आहे, तिला न सांगता त्या खोलीत पाठवून बघणार आहे. तिचं नाक आमच्यापेक्षा विश्वासार्ह.

एक गोष्ट मात्र मला हे सगळं वाचल्यावरच सुचली. आई त्या खोलीत दोन रात्री होती. आम्ही रोज आठ तास असतो. पण त्या दीड महिन्यात दोन सुतार खिडकी बंद करून (सोसायटीचा नियम, आवाज बाहेर जाऊ नये) तिथेच प्लाय कापत होते, तिथेच जेवत होते आणि रात्री तिथेच भुशावर चादर टाकून झोपत होते. त्यातला लहान जेमतेम विशीचा असेल, सतत डोळे चोळायचा. मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायचो, "किती झालं?"

तक्रार त्याने केली नाही, हे खरंच आहे.